बिनडोळ्यांचा बैल

वडसा, ता. ८ डिसेंबर १९५७

चि. पोचूस मुखरूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक. धान घरात आलं, नाटकांचे मंडप पडू लागले. काल चांद्याहून झाडूमामा आला आणि पाण्याचा पेला हाती घेण्याआधीच तुझं कौतुक करू लागला. तू ज्या कलासंग्रहालयात सुतारकाम करतोस तिथे यंदाचं नवं प्रदर्शन उघडलं, त्यात तुझा बैल काचेत ठेवलाय. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तसला लाकडी. खाली नाव एकट्या पोचूचं. बघायला म्हणे मुंगीला शिरायला जागा नसते.

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू. पण मामा म्हणाला, बैलाला डोळे नाहीत. बैल तू कोरायचास आणि डोळे मी थोरल्यानं काढायचे, ही आपल्या घरची बाबांपासूनची रीत. त्याशिवाय बैल कधी कुणाच्या हाती दिला नाही आपण. मला एक कार्ड टाकता आलं नाही तुला? तुझी वहिनी म्हणते, भाऊजींना चांद्याचं पाणी लागलं. मी तिला गप्प केलं नाही.

उरली असेल तेवढी माया राहू दे.

तुझा, मुखरू


चांदा, ता. १५ डिसेंबर १९५७

ती. मुखरूभाऊंस पोचूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

कार्ड टाकलं नाही ते मुद्दामच. पोळ्याच्या बाजारात लोक ‘मुखरूचे बैल’ मागायचे. लाकूड मी आणायचो, मान मी वळवायचो, खुरं मी घासायचो. तुम्ही काजळीचे दोन ठिपके द्यायचे की बैल तुमचा. फार हेवा वाटायचा मला तुमचा. एक तरी बैल माझा असावा, एवढंच मनात होतं. डोळे मात्र स्वतः काढायला मन धजलं नाही.

आता इथले साहेब पाहुण्यांना सांगतात, कारागिरानं डोळे जाणूनबुजून सोडले, खरी कला त्यातच आहे. माणसं माना डोलावतात. काल मात्र एका चिमुरडीनं बापाला विचारलं, “याले दिसते कसं?” तेव्हापासून मी त्या दालनात गेलो नाही.

प्रदर्शन होळीपर्यंत आहे. तुम्ही याल तर साहेबांना सांगून काच उघडवतो, डोळे तुम्ही काढा, खाली तुमचंही नाव लिहवतो.

वहिनींना नमस्कार. राग ओसरला की दोन ओळी लिहा.

आपला, पोचू


वडसा, ता. १० जानेवारी १९५८

चि. पोचूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला न कळवता छोट्या रुळांच्या आगगाडीनं चांद्याला येऊन गेलो. खिशात कुंचला आणि काजळीची डबी होती. रांगेत उभा राहिलो. पहारेकरी बाहेर विडी ओढत होता. काचेची पेटी तुझ्या हातची, झाकण कुठून उघडतं ते मला ठाऊक.

पण बैल पाहिला आणि हात खिशातच राहिला. मान अशी वळवलीस की डोळे नसताना तो माझ्याकडेच बघत होता. इतकी वर्षं वाटायचं, माझ्या ठिपक्यांनी त्यात जीव येतो. जीव तर आधीपासूनच होता. फार जळलो रे. तुला तोंड न दाखवता परतलो.

घरी येऊन ईर्ष्येनं सागाचा ओंडका घेतला, म्हटलं आपणही कोरू. पाय चार दिशांना गेलेत, शिंगं बकऱ्याची वाटतात. तुझी वहिनी तोंडाला पदर लावून हसते. तरी झाडूमामाबरोबर पाठवतो आहे.

तुझा बैल आहे तसाच राहू दे, खाली माझं नाव नको. माझ्या या बैलाचे डोळे तेवढे तू काढ.

पोळ्याला घरी ये, लोभ घेऊन ये.

तुझाच, मुखरू