पुट्टाच्या हक्काची चप्पल

१ जानेवारी १९९५, रविवार
विश्वेश्वरनं ऑफिसातली डायरी दिली. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही, पण घरात बोललं की मुलगा आणि सून दोघं अंगावर येतात. त्यापेक्षा हे बरं.
पुट्टानं आज मेघाश्रीच्या सँडलचा पट्टा खाल्ला. पुट्टा म्हणजे आमचं पॉमेरेनियनचं पिल्लू. कापसाचा गोळा नुसता, आजच दृष्ट काढली. सून काय ओरडली! मी म्हणते, सँडल जमिनीवर ठेवायचीच कशाला?
विश्वेश्वर म्हणतो, आई, हे थांबलं नाही तर यशवंतपूरच्या सुनंदाबाईंना देऊन टाकतो, त्या मागतायत. मागतायत! माझी पैठणीही बाईनं अशीच मागून नेली होती, ती हळदीचा डाग घेऊन परत आली. संताप झाला नुसता. पुट्टा कुठ्ठे जाणार नाही. त्याला शिस्त मी लावणार. चार पोरं वाढवली, हा तर टीचभर.

३ जानेवारी
कुत्र्याच्या डॉक्टरकडे. म्हणाला, दात येतायत, चावणारच. चपला उचलून ठेवा, रबराचं हाडूक द्या. मी म्हटलं, आमचं शाकाहारी घर आहे. तर म्हणतो, अम्मा, रबराचं आहे हो. रबराचं असलं तरी आकार हाडाचाच ना? कंपाउंडर तोंड फिरवून हसला. यासाठी शिकतात!
घरी येऊन माझी जुनी कोल्हापुरी दिली. अस्सल चामड्याची. हाडूकबिडूक नको.

५ जानेवारी, सकाळ
मन लावून चावतोय. कान धरून सांगितलं, ही तुझ्या हक्काची, बाकीच्या आमच्या. लगेच मान हलवली.

संध्याकाळ
विश्वेश्वरचा बूट गेला. चूक विश्वेश्वरचीच. पॉलिश करत नाही, मग तोही जुनाच दिसतो. शंकरपाळं दाखवलं तेव्हा पुट्टानं सोडला. किती ऐकतो माझं!

९ जानेवारी
आता बूट घेऊन आपणहून माझ्यापुढे येऊन बसतो. शंकरपाळं दिलं की सोडतो. एवढी प्रगती, पण कौतुक कोण करणार? मेघाश्री म्हणते, अत्ते (सासूला ती कानडीतच हाक मारते), तुम्ही त्याला चोरी शिकवताय. मी म्हटलं, तू स्वल्प गप्प बस. मग भात जास्त शिजला, तोही माझ्यामुळेच म्हणे.

२० जानेवारी, शुक्रवार
हळदीकुंकू. मेघाश्री म्हणाली, पुट्टाला मागे बांधा. सरी, बरं, म्हटलं. बांधलं नाही. सणाच्या दिवशी लेकराला कोण बांधतं?
बायका आत, चपला दारात. मी वाण द्यायला वाकले, तर पुट्टा चप्पल घेऊन हजर. ठेवली, बसला. मग दुसरी आणली. आमच्या सगळ्या राजाजीनगरच्या बायका बघतायत, आणि माझा हात आपोआप तिळगुळाच्या ताटाकडे! सुनंदाबाईच्या जरीच्या चपलेला अंगठाच राहिला नव्हता. म्हणाली, अक्का, आधी सांगायचं, अनवाणीच आले असते. हशा पिकला. माझी बाथरूमची स्लीपर घालून गेली.
आणि जाताना पुट्टाला घेऊन गेली! आठवडाभर ठेवून बघते म्हणाली. विश्वेश्वर लगेच हो म्हणाला. मला कुणी विचारलं? मी बाहेर गेलेच नाही. ऑटो सुरू झाल्याचं ऐकू आलं. डोळ्यात कुंकू गेलं होतं.

२४ जानेवारी
घरात सगळ्या चपला जोडीनं, जागच्या जागी. चीड येते बघून. विश्वेश्वरशी बोलत नाही. त्याच्या लक्षात आलेलं नाही.

२९ जानेवारी, रविवार
पुट्टा आला! किती वाळलाय. विश्वेश्वर म्हणतो, वजन वाढलंय. यांना डोळे आहेत का?
सुनंदाबाईंचा निरोप: तिथं त्यानं एकही चप्पल तोंडात धरली नाही. चपला कपाटात, चावायला रबराचं हाडूक, आणि तेच चावत बसला तर शाबासकी. खोटारडी. विश्वेश्वर म्हणाला, आई, खोड कुत्र्याची नव्हतीच. तो राहील इथेच. पण यापुढे त्याचं सगळं मेघाश्री बघेल, तू काही द्यायचं नाहीस. मी हो म्हटलं. घरी आला ना, मला दुसरं काय हवंय? मी खूष आहे.
दुपारी मेघाश्रीच्या पायाशी ते हाडूक धरून पडला होता. मी हळूच हाक मारली. शेपटी जरा हलली, पण उठला नाही. झोपला असणार. डोळे उघडे होते, पण प्रवासानं दमलेली कुत्री तशीच झोपतात.