पुढची रांग

हे लिहायला उशीर झाला, त्याबद्दल वाचणाऱ्यांची आधी माफी मागतो. वकिलाने फी कमी करावी म्हणून थांबलो होतो. कुठल्याही वस्तूचा भाव आज ना उद्या उतरतोच, असा माझा जन्मभराचा अनुभव. वकिलाचा उतरला नाही. मध्ये माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मी दवाखान्यात असताना घरात जे घडलं त्याने डोकं असं तापलं आहे की आता स्वतःच लिहून मोकळा होतो. शाळा सातवीपर्यंत झाली आहे. कायद्याची भाषा चुकली तर अर्थ बघावा.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणे (आता बंद), असं जाहीर करतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. थोरला मुलगा आणि सूनबाई तसं नाही असं लोकांना सांगत फिरतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडून लिहून आणलं. तो म्हणाला, "आजोबा, मी फक्त डोळे बघतो." मी म्हटलं, "त्यातून आत जेवढं दिसतंय तेवढं लिहा." कागद सोबत जोडला आहे. मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. रागाखाली लिहितो आहे. राग कायद्याला चालत असावा.

कलम पहिलं, घर. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली कोठीची खोली, माझ्या पश्चात थोरला आणि धाकटी मुलगी यांना निम्मंनिम्मं द्यावं. थोरल्याचं नाव एका कागदावरून कापलं होतं. मग वाटलं, त्याची आई असती तर तिने तो कागद फाडून चुलीत घातला असता, म्हणून परत लिहिलं. मात्र अट आहे. कोठीचं न्हाणीघर करायचं नाही. दोन न्हाणीघरं असली की घर भाड्याने लवकर जातं, असं सूनबाई म्हणते. म्हणजे मी अजून जिवंत आहे आणि माझ्या घरात भाडेकरूची अंघोळ सुरू झालीसुद्धा.

कलम दुसरं, कोठी. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

काटे दुरुस्तीत महिन्याचा पगार नसतो. काम लागलं तर पैसा, नाही लागलं तर वारा. त्यात दोन पोरं वाढवायची. पण काटा उघडून गल्ल्यामागे जमिनीवर बसलं की दुकानदार आपल्याला माणूस धरत नाही, डोक्यावरून सगळं बोलतो. कुठला माल जास्त झाला, कशाचा भाव उद्या पाडायचा, हे मला गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. मग काम असलेल्या महिन्यात मी भाव पडलेला तांदूळ, डाळ, पीठ, साखर, सुके वाटाणे, साबण, बिस्किटं सायकलवर लादून आणायचो, आणि काम नसलेल्या महिन्यात आम्ही त्यावर भागवायचो. माझ्या घरात कधी कुणी उपाशी झोपलं नाही. हे वाक्य न्यायालयात मोठ्याने वाचावं.

कोठीला नियम एकच. जुनं पुढे, नवं मागे. अंधारात हात घातला तरी आधी जुनं हाताला लागलं पाहिजे. प्रत्येक पुड्यावर मी लाल पेन्सिलीने आणल्याचा महिना घालायचो. कोठीत कधी काही वाया गेलं नाही, किडा नाही, जाळी नाही. बायको मात्र म्हणायची, "अहो, आपल्या घरात नवं येतं आणि जुनं व्हायची वाट बघत बसतं." म्हणायची आणि पुढचाच पुडा काढायची. स्वभावाने गरीब होती.

मेहुणा हसायचा. दर वेळी आला की कोठीत डोकावून म्हणायचा, "भावजी, लढाईबिढाई लागणार आहे का?" मग ज्या वर्षी पूल वाहून गेला आणि बाजारात मालच येईना, तेव्हा हाच दोन पिशव्या घेऊन दारात. "भावजी, थोडा तांदूळ असला तर..." मी म्हटलं, "लढाई लागली वाटतं?" बायकोने डोळे मोठे केले म्हणून पिशव्या भरून दिल्या. उतरला माल की परत करतो म्हणाला. अजून उतरतोच आहे.

आता गेल्या महिन्यात काय झालं ते. डोळ्यावर पट्टी बांधून घरी आलो. एरवी वेगळी राहणारी थोरला आणि सूनबाई त्या दिवसांत घर सांभाळायला आली होती. घरात फिनाईलचा वास. कोठीचं दार ढकललं, तर फळ्यांवर पुढची एकच रांग आणि तिच्यामागे थेट भिंत. ती भिंत हिरवी आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचं रोजचं लागणारं ठेवलंय हं. पुढचं सगळं जागच्या जागी आहे. मागचं तेवढं जुनंपुराणं काढलं."

"मागचं काढलं?"

"हो ना. किती वर्षांचं होतं कोण जाणे. भंगारवाला फुकट घेऊन गेला, उपकारच झाले."

मी थोरल्याकडे बघितलं. हा या कोठीतलं खाऊन एवढा मोठा झाला. विचारलं, "जुनं कुठे असतं रे आपल्याकडे?"

तो म्हणाला, "बाबा, सगळ्या जगात नवं पुढे असतं."

सगळ्या जगात! जगाने वाढवलं का तुला? म्हणजे झालं काय, तर ताजा माल भंगारात गेला, आणि ज्याची तारीख या महिन्याच्या शेवटी संपते आहे तेवढाच काळजीने पुसूनबिसून माझ्यासाठी ठेवला. चोर आला असता तर त्याने निदान विचारून नेलं असतं. वर म्हणतात, "बाबा, चिडचिड करू नका, डोळ्यावर ताण येतो." ताण कुठे येतो ते माझं मला माहीत.

पुढे ऐका. पट्टी सुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पाटी लावलेली, बिस्किटं निम्म्या भावात. दुकानदार म्हणतो, "या काका, तुमच्यासाठीच ठेवलीत." पुडा हातात घेतला तर कडेला लाल पेन्सिल. माझी.

"ही खूण कसली?"

"कंपनीची असेल."

"कंपनी माझ्या अक्षरात लिहिते?"

तो काटा पुसायला लागला. तो काटा मी तरुणपणापासून सांभाळत आलो. बिस्किटं घेतली, कारण भाव खरंच चांगला होता. पण या मृत्युपत्रान्वये जाहीर करतो की वजन बरोबर यायला त्या काट्याची चावी कुठे फिरवायची हे मी कुणालाही सांगून जाणार नाही. बसा म्हणावं ठोकत.

कलम तिसरं, हत्यारं. कानशी, चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर आणि पितळी वजनांची पेटी नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. लहानपणी ती वजनं लहानमोठी बरोबर लावायची, बापाला अजून जमत नाही. समोरच्या शिंप्याने वजनांवर डोळा ठेवला होता, कापड दाबून धरायला बरी म्हणून. पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. हे कळल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं.

कलम चौथं. बँकेत जे आहे ते दोघांत सारखं. माझ्या मागे जो काही खर्च होईल तो आधी वजा करावा. फुलं संध्याकाळी घ्यावीत, विकणारा घरी जायच्या घाईत असतो. मी कुठे पळून जाणार नाही.

कलम पाचवं. मेहुण्याच्या दोन पिशव्या कोठीच्या खुंटीला आहेत. त्या पूर ओसरल्यापासून तिथेच आहेत, कारण तो दुसऱ्यांदा भरून न्यायला आला होता आणि मी घरी नाही असं सांगितलं, तेव्हा त्या ठेवून गेला. त्या त्याला द्याव्यात. रिकाम्या.

कलम सहावं, धाकटी. ती दोन वर्षं या घरात आलेली नाही. कारणं लोक काहीबाही सांगतात, खरं एवढंच आहे. तिने चहाबरोबर खायला मागच्या रांगेतला बिस्किटाचा पुडा काढला. मी तो जागेवर ठेवला आणि पुढचा दिला. तिने एक बिस्किट मोडलं, तुकडा तोंडात घातला आणि उरलेलं ताटलीत परत ठेवलं. म्हणाली, "बाबा, आई या घरातनं गेली, पण एक दिवस ताजं खाऊन गेली नाही." आणि चहा तसाच टाकून निघाली. मी जिन्यापर्यंत ओरडत गेलो की बिस्किट मऊ होतं, सादळलेलं नव्हतं. मऊ आणि सादळलेलं यात फरक आहे. माझं म्हणणं आजही तेच आहे.

पण ती पुढची रांग. तांदूळ आहे, डाळ आहे, वाटाणे, पीठ, तेल, जाम, दोन डबे अननस. रोज कोठीत जातो आणि तारखा बघतो. रात्री उठून परत बघतो, जशा काही पुढे सरकणार आहेत. एकट्याने खाऊन ते महिनाअखेरपर्यंत संपणार नाही. आणि माझ्या कोठीत कधी काही वाया गेलं नाही. ते आता शेवटी जायला लागलं तर माझ्या मरणाची वाट बघायला नको.

म्हणून कलम सातवं. वरची सगळी कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. हे एक मी असतानाच अमलात यावं. थोरला, सूनबाई, नात आणि धाकटी यांनी या महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आत या घरी येऊन पुढची रांग संपवावी. एका दिवसात संपणार नाही, राहावं लागेल. अंथरुणं आहेत.

शिंप्याने हे वाचलं आणि म्हणाला, "काका, मृत्युपत्रात जेवायला बोलवत नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, पण कायद्यात बसत नाही."

"मग कायद्यालापण बोलव. वाटाणे पुष्कळ आहेत."

दुसरा साक्षीदार, वरच्या मजल्यावरचा निवृत्त पोस्टमन, म्हणाला, "मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. कळणार कसं त्यांना?" तो आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोलला. म्हणून याच्या दोन नकला आजच टपालाने जात आहेत, एक थोरल्याला, एक धाकटीला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि माझा राग गेलेला नाही हे तपासून सही केली.

सही: वजनकाटेवाला (निवृत्त)
साक्षीदार: १. समोरचा शिंपी, नाखुशीने. २. निवृत्त पोस्टमन, वरच्या मजल्यावरचा.
ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.
दिनांक: सहा, वार मंगळवार.

सही झाल्यावर थोडं राहिलं ते. धाकटे, त्या दुकानातून परत आणलेली बिस्किटं कोठीत आहेत. नवी आहेत, पण पुढे ठेवली आहेत. आलीस की आधी ती फोड. मी काही बोलणार नाही, आणि बोललो तर लक्ष देऊ नकोस. थोरल्यालाही सांग, फिनाईल आणू नको. येणार की नाही, कोण कोण, किती दिवस, ते लवकर कळवा. वाटाणे आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात.