साहेबांचा आवाज

दादा, टेंभुर्णीच्या बाजारात तुम्ही धान्य मोजायला बसलात की मी पोत्याला टेकून ऐकत असे. पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं ही मापाऱ्यांची रीतच. पण तुमच्यासारखा लांबवलेला, किंचित घोगरा लाभ दुसऱ्या कुणाचा नव्हता. एरवी तुम्ही स्वतःच्या आवाजात बोलायचातच कुठे? पाटील, तलाठी, आमची आत्या, सगळे तुमच्या घशात बिऱ्हाड करून राहिलेले. धुळवडीला पारावर तुमच्या नकला व्हायच्या आणि ज्याची नक्कल, तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

आणीबाणीतल्या धुळवडीला मात्र तुम्ही जीपवर भोंगा लावून फिरणाऱ्या साहेबांना घेतलंत. "नागरिकांनी शिस्त पाळावी, अफवांवर विश्वास ठेवू नये." लोक हसून हसून बेजार. दुसऱ्याच दिवशी पोलीस तुम्हाला घेऊन गेले. बऱ्याच दिवसांनी परतलात, तेव्हा अंगावर एक वळ नव्हता. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता विचारते, "मारलं का हो तुमाला?" तुम्ही ताठ बसता आणि म्हणता, "नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये." आम्ही पोट धरून हसतो. किती दिवसांनी घर हसत होतं! "पुरं झाली नक्कल. जल्दी जेवा बरं, भाकर निवून राह्यली," आई म्हणते. तुम्ही त्याच आवाजात तिला सांगता, "सहकार्याबद्दल आभारी आहोत." हे हसण्यावारी न्यायचं नाही, ते आधी तिला कळलं. ती हसायची थांबली, मग आम्ही.

बाजारातही तुम्ही पहिल्या मापाला एक म्हणू लागलात, भोंग्यातून आल्यासारखं. मला तुमचा राग यायचा, दादा, आणि भीतीही वाटायची. पुढे निवडणूक झाली, आणीबाणी उठली, साहेबांची बदली झाली. "आता कुनाला भेता? जीप तर कव्हाच गेली. करा की सायबाची नक्कल," लोक तुम्हाला म्हणाले. तुम्ही ती करतच होतात. शेवटपर्यंत केलीत, आईच्या अखेरच्या दिवसांत तिच्या उशाशी बसूनसुद्धा. पोलिसांनी तिकडे नेऊन तुमचं काय केलं, हे तुम्ही सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

परवा तुमची नात म्हणाली, "आजोबा कसे बोलायचे, करून दाखव ना." मी खूप आठवून पाहिलं. तोंडून आली ती शिस्त आणि अफवाच. पोर खूश झाली. "आजोबा साहेब होते?" तिने विचारलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी हो म्हणाले.