आईच्या खुब्याचा फोटो

बाबा, आज आईचा फोटो मी काढला. चेहरा नाही आला त्यात, कमरेखालचा काढायचा होता. तिचा डावा खुबा पार झिजलाय आणि पुढच्या आठवड्यात बदलायचाय. कुठल्या मापाचा बसवायचा, ते डॉक्टर आधी एक्सरेवर ठरवतात. मागे एकदा ठरलेली तारीख हिने ऐन वेळी मोडली होती. आता पुन्हा मोडली तर ती कायमची कॉटवर बसेल, या धास्तीने मला जेवण जात नाही.

ती अडून बसते ती दुखण्यापायी नाही, लाजेपायी. एक्सरेत हाड खऱ्यापेक्षा मोठं उमटतं, दिव्यासमोर धरलेल्या हाताची सावली भिंतीवर मोठी पडते तसं. किती मोठं, ते कळावं म्हणून आम्ही सोबत एक स्टीलचा गोळा ठेवतो. गोळ्याचं खरं माप ठाऊक असतं, त्यावरून हाडाचं निघतं. फक्त तो खुब्याच्याच उंचीला हवा, म्हणजे दोन मांड्यांच्या मधे, चांगला वर. कॅम्प पाचातल्या आमच्या एक्सरे सेंटरमध्ये हे ऐकून भलेभले शेठ टेबलावरून उतरायला बघतात. परवा एक सिंधी काकू म्हणाल्या, "बेटी, ये लड्डू खाने का है तो बाहर खाऊंगी." माणसं मोठी दाखवण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. बुटक्या नवरदेवांसाठी तुमच्या स्टुडिओत कायम एक वीट तयार असायची. आणि तुमची मुलगी बसलीये मोठं दिसणारं खऱ्या मापावर आणत.

आईला मी स्पंजमध्ये बसवलेला गोळा नीट जागेवर ठेवून दिला. "शी! कुळगावात कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही," ती म्हणाली. मी काचेमागे जाऊन बटण दाबलं, फोटो घाईत न बघताच पाठवून दिला. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, या गोळ्याला बोटं कुठून फुटली?" बघते तर आईने गोळा उचलून पोटावर घेतलेला, वर दोन्ही हात धरलेले, प्रसाद घेतल्यासारखे. एक्सरेत दहाही बोटांची हाडं स्वच्छ. गोळा वरच्या मशीनच्या इतका जवळ गेला की तो मोठा दिसणार आणि हिशेबात आईचा खुबा लहान भरणार. ती मात्र खूश. "घट्ट धरला होता गं, अजिबात हलू दिला नाही."

मी चिडले. मोठ्याने बोललेही. तशी ती उठून साडी सारखी करायला लागली, "राहू दे मग, नाही करायचं मला ऑपरेशन." तेवढ्यात तुमची ती थाप आठवली. लाजणाऱ्या मुली कॅमेऱ्यासमोर आल्या की तुम्ही काळ्या कापडाखाली शिरायचात आणि आतून ओरडायचात, "हं, आता मला काही दिसत नाही!" खरं तर तिथूनच सगळं दिसायचं. मी आईला म्हटलं, "आई, झोप. मी काचेमागे गेले की मला काही दिसत नाही."

ती थबकली. मग इतकी हसली की टेबल हललं. "मेले, हेच सांगून त्यांनी माझा फोटो काढला होता. दुसऱ्या मुलाला दाखवायला काढला, आणि दिलाच नाही त्याला." हसत हसत आडवी झाली आणि गोळा तिने आपल्या हाताने जागेवर ठेवला. वर मलाच दटावलं, "बघू नकोस हां."

फोटो उत्तम आला. डॉक्टरांनी माप काढलं, तारीख पक्की झाली. तुम्हाला कळवावंसं वाटलं, म्हणून लिहिलं. पाठवायचं तर कुठे, तेव्हा राहील माझ्याकडेच. एक सांगायचं राहिलं. काचेमागे उभी असताना तुम्ही इतके आठवलात की बटण दाबेपर्यंत मला खरंच काही दिसत नव्हतं.