सोयीच्या लग्नाचं सतरावं प्रकरण

५ जानेवारी २००९, ग्वेल्फ, कॅनडा
संकल्प: रखडलेली कादंबरी फेब्रुवारीअखेर पूर्ण. सोळा प्रकरणं झालीत, सतरावं शेवटचं. ऐतिहासिक, प्रेमप्रधान. सरदार रणधवल किल्ला वाचवायला तहात शत्रूच्या मुलीशी लग्न करतो, मग तिच्यावर जीव जडतो. नोकरी गेली हे एका अर्थी बरंच झालं. बेसमेंटमध्ये हीटर लावून बसलो. अर्धं पान.

११ जानेवारी
ऊर्मीने पार पश्चिमेकडच्या सस्काटूनला अप्लाय केलंय. गव्हाच्या संशोधनाची नोकरी. म्हणाली, मिळाली तर एकटी जाईन. अकरा वर्षं झाली, सोय पुरे आता.
लग्नाच्या वेळी तिच्याकडे कॅनडाचे पेपर्स होते. मला कॅनडा हवा होता, तिच्या घरच्यांना जावई. दोघांची सोय. हे मीच एकदा चेष्टेत बोललो होतो. बायकांच्या काय लक्षात राहील सांगता येत नाही.
काळजी नाही. कादंबरी वाचली की विरघळेल. अर्पणपत्रिकेत तीच आहे.

१९ जानेवारी
सोळा प्रकरणं वाचायला दिली. एका बैठकीत वाचली, हातात लाल पेन. म्हणाली, सरदार बायकोशी एकदाही बोलत नाही, नुसता गवाक्षातून बघतो. समजावलं, संयम आहे तो.
मग विचारलं, लग्नात तिचं नाव बदललं, आधीचं काय होतं? म्हटलं, कथानकाला काही फरक पडत नाही. तिने पेनाला टोपण लावलं.

२७ जानेवारी, दुपार
लेखनात व्यत्यय. दोनदा फोन. कुणी यामिनी सहस्रबुद्धे पाहिजे. ठणकावून सांगितलं, इथे अशी कुणी राहत नाही, परत फोन करू नका.

संध्याकाळ
यामिनी म्हणजे ऊर्मीच. डिग्रीवर, शोधनिबंधांवर तिचं माहेरचंच नाव आहे. ऊर्मी मी ठेवलेलं, ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून. तो सस्काटूनचा फोन होता. सांगितलं तर भडकेल. नाही सांगितलं तर इथेच राहील.

२८ जानेवारी
न सांगायचं ठरलं. जेवताना तिने विचारलं, फोन आला होता का? नाही म्हणालो. ती फोनपाशीच बसून राहिली. शेवटी डोळे पुसायला लागली तेव्हा सांगून टाकलं.
ओरडेल असं वाटलं होतं. नुसती म्हणाली, देवदत्त, तुला खरंच आठवलं नाही? मी ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. संयम.

३० जानेवारी
तिने स्वतः फोन केला. नोकरी मिळाली. पंधरा तारखेचं विमान. जाणार नाही ती. सरदाराची राणीही पालखीत बसते आणि वेशीवरून परत फिरते. लिहायचं बाकी आहे, पण ठरलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार
साडेनऊ वाजता दोन बॅगा दाराशी. बूट घालता घालता तिने विचारलं, मी थांबावं असं तुला वाटतं का? हो की नाही, तेवढंच सांग.
अशा प्रश्नाला तोलामोलाचं उत्तर हवं. म्हटलं, दोन मिनिटं थांब. खाली आलो, सतरावं प्रकरण काढलं. सरदाराच्या तोंडी काहीच नव्हतं. लिहायला बसलो. तीनदा खोडलं. चौथ्यांदा जमलं, सव्वा पान. कागद घेऊन वर धावलो.
दार लावलेलं. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसलेला, तिनेच, टॅक्सीला अडचण नको म्हणून. घड्याळात पावणेअकरा.
मोठ्याने ‘हो’ म्हणून पाहिलं. एक सेकंदसुद्धा लागत नाही.