माझ्या आवाजाच्या दिशेने या

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! शेवटच्या चढाला जीप अशी हेलकावली की आतडी गळ्यात आली. पण वर उतरले आणि सगळा शीण गेला. चहूकडे सरळसोट उंच झाडं, मधे पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या, एक उपाहारगृह आणि दरीच्या कडेकडेने जंगलात शिरणारी कठड्याची पायवाट. माझी खोली तिकीटखिडकीच्या मागे. खाट, शेगडी, टेबल आणि दरीकडे तोंड केलेला छोटा व्हरांडा. मला आणखी काय हवं?

मॅनेजरांच्या गळ्यातला मफलर जेवतानाही सुटत नाही, म्हणून सगळे त्यांना मफलरसाहेबच म्हणतात. त्यांनी काम समजावलं. इथे दुपारी धुकं चढतं आणि वाटेवरच्या माणसाला स्वतःचे पाय दिसेनासे होतात. तेव्हा मी माईकवर बोलत राहायचं, म्हणजे लोक आवाजाच्या रोखाने परत येतात. जन्मभर बसस्टँडवर गाड्या पुकारल्या, त्या आवाजावर ही नोकरी मिळाली. हे असते तर म्हणाले असते, आता झाडांनाही रांगेत उभं करशील!

हे गेल्यापासून घर खायला उठत होतं. ताई म्हणत होती, माझ्याकडे ये. पण तिच्या भरल्या घरात मी पाहुणीच. इथे निदान काम आहे.

९ नोव्हेंबर
आज खरं धुकं पाहिलं. जेवणं उरकली तोवर ते दरीतून वर आलं आणि बघता बघता कठडा, झाडं, समोरच्या खोल्या, सगळं पुसून टाकलं. मी सुरू केलं, "मंडळी, माझ्या आवाजाच्या दिशेने या. वाट सरळ आहे. घाबरू नका." एकेक करत सगळे आले. एका बाईने तर माझा हातच धरला. म्हणाली, सख्खी बहीण बोलावतेय असं वाटलं.

इथला प्रतिध्वनी मोठा गमतीचा. वाक्य दरीत जातं, जरा रेंगाळतं आणि जसंच्या तसं परत येतं. माझी खोड्याळ जुळी बहीणच जणू.

१७ नोव्हेंबर
थंडी वाढली, माणसं आटली. उपाहारगृहाला कुलूप लावून आचारी खाली गेला. मफलरसाहेब सामान टाकायला येतात तेवढेच. दिवसभर बोलायला कुणी नाही. काल किटलीला "थांब गं, उतू जाऊ नकोस" म्हणाले, तेवढंच काय ते संभाषण.

आता धुकं आलं की व्हरांड्यात खुर्ची टाकते आणि दरीशी बोलते. वेड लागलं म्हणा हवं तर. यांचं आजारपण, ताई माझी वेणी किती करकचून घालायची ते, ती मला चिमणी म्हणायची ते. दरी एकेक वाक्य घेते आणि हळूच परत देते. इतकं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे मला?

घसा मात्र बसलाय. मिठाच्या गुळण्या केल्या.

२३ नोव्हेंबर
आज प्रतिध्वनी माझ्याआधी बोलला.

मी चहा गाळत होते. तोंड मिटलेलं. दरीतून माझाच आवाज आला, "झाला का चहा?" कालपरवा मी कधी म्हणाले असेन, तेच अडकून राहिलं असेल. हसू आलं. झाला, म्हणाले.

माझं "झाला" परत आलं नाही.

२७ नोव्हेंबर
आज एक वयस्कर जोडपं आलं होतं. मास्तर होते ते, नुकतेच निवृत्त झालेले. मी त्यांना पायवाटेवर फार लांब जाऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या घोगऱ्या आवाजाला मास्तर हसले, खडीसाखर दिली. धुकं चढलं तसा मी माईक लावला, तर तो बंद. वायर तपासायला आत गेले. बाहेर आले तर मास्तरीणबाई एकट्याच, कठडा घट्ट धरून उभ्या.

त्या म्हणाल्या, तुम्हीच तर बोलावलंत. इकडून या, वाट सरळ आहे म्हणालात. हे पुढे गेले. पण तिकडे तर कठडाच नाही हो!

मी आत होते. मी एक शब्द बोलले नव्हते. हे त्यांना कसं सांगू?

२८ नोव्हेंबर
शोधायला माणसं आली. मास्तर मिळाले नाहीत. धुकं दाटलं तसे सगळे खाली परतले, मास्तरीणबाईंनाही नेलं. फाटक बंद. मफलरसाहेबांनी मला थांबायला सांगितलं. मास्तर चुकून वर आलेच तर कुणीतरी हवं.

मी मान हलवली. आवाज फुटत नाही. नुसती हवा.

३० नोव्हेंबर
ताईचा फोन. रेंज फक्त व्हरांड्यात. ती म्हणाली, बरेच दिवस झाले, काळजी वाटते, उद्या येऊन जाऊ का? मी "नको" म्हणायला तोंड उघडलं, आणि कठड्यापलीकडून, अगदी जवळून —

"ये गं ताई. चिमणी वाट बघतेय."

ताई हसली. किती छान आवाज लागलाय आज, म्हणाली. येते म्हणाली.

लगेच मेसेज लिहिला. येऊ नकोस. जात नाही. पुन्हा. जात नाही.

१ डिसेंबर, सकाळ
मेसेज तसाच. खाली चालत जायचं ठरवलं, पहिल्या वळणापर्यंत गेले. पुढचा पाय कुठे टाकायचा दिसेना. परत फिरले. धुकं सकाळपासून आहे. असं कधी नसतं.

दुपार
जीपचा आवाज. खाली, फाटकाशी. थांबली — परत गेली.

ताई चालत येतेय. हाका मारतेय — "चिमणे, कुठे गं आहेस?"

दरीतली ती उत्तर देतेय. माझ्याहून गोड. बसस्टँडवरच्या माझ्या तरुणपणातल्या आवाजात. सांगतेय, वाट सरळ आहे. वेणीची गोष्ट सांगून ताईला हसवतेय. मी सांगितलेलं सगळं —

मी थाळी बडवली. तीही तशीच बडवतेय.

ताई म्हणतेय, आले गं, आले. आवाज दरीकडे सरकतोय.

मी जातेय. कठडा धरून. बोलता येत नाही, पण हाताला धरलं की ताई ओळखेल. माझा हात ती —

ताई थांबली वाटतं. कुणाशी तरी बोलतेय. म्हणतेय, अगं, किती गार पडलेत तुझे हा