पायऱ्यांजवळचे मासे

सोमवार, ता. २ मार्च १९३६

पहाटे होडी धुतली. एदलजी शेट सकाळच्या गाडीने देवळालीला उतरले, तिथून टांग्याने नऊच्या सुमारास धरणावर आले. बरोबर त्यांच्या पत्नी शिरीनबाई आणि गळाच्या तीन काठ्या. मुंबईहून दर मार्चला येतात. हे सहावे वर्ष. डाकबंगल्यात राहतात. आठवडाभर मी त्यांना दारणेच्या पाण्यावर फिरवतो, मासे दाखवतो. आम्ही भोई. बाप जाळे टाकी, मी दुसऱ्याच्या गळाला मासा मिळवून देतो, एवढाच फरक.

शेट फार वाळले आहेत. होडीत चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला, तरी वजन जाणवले नाही.

चंद्रभागेचे त्यांना कळवले नव्हते. "बायडी बरी हाय?" म्हणाले. सांगितले — दिवाळीनंतर गेली, तापाने.  शेट बराच वेळ काठीच जोडत बसले.

दिवसभरात काही लागले नाही.

मंगळवार, ता. ३

शेटना खडस हवा, मोठ्या खवल्यांचा महसीर. दुसरा मासा चालत नाही. खडसाला कणकेचा गोळा लागतो. कणीक घट्ट मळून तिच्यात थोडा पिंजलेला कापूस घालायचा, म्हणजे गोळा पाण्यात टिकतो. हे काम चंद्रभागा करी. मी मळलेला गोळा गळावरून सुटून जातो.

शेट म्हणाले, "रंगनाथ, तू साला माशाला फुकट जेवण घालते. अन्नछत्र काढला काय?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिले.  मला राग आला नव्हता. गोळा खरेच वाईट होता.

दुपारी बाईंनी विचारले, जुन्या देवळाच्या पायऱ्यांकडे का नेत नाहीस? तिकडे गाळ आहे, असे सांगितले. गाळ नाही.

इथे लिहून ठेवतो. धरण झाले तेव्हा जुने गाव पाण्याखाली गेले. देवळाच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या. आमचे घर तिथून जवळ. ती रोज सकाळी परात धुवायला त्या पायऱ्यांवर जाई. कणकेचे पाणी, चिकटलेले तुकडे पाण्यात जात. मासे येऊ लागले. बारा वर्षांत इतके माणसाळले की तिच्या बोटांना तोंड लावत. गावातल्या बायका विचारत, नवस आहे का गं? ती म्हणे, "नवस कसला? परात धुती."

शेवटच्या तापात म्हणाली, "पायऱ्यांशी गळ टाकू नगा." मी नाही टाकणार म्हणालो. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. मागितले असे तिने एवढेच.

ती गेल्यापासून मी तिकडे गेलेलो नाही. आता मासेही पांगले असतील.

बुधवार, ता. ४

वारा. काही नाही.

गुरुवार, ता. ५

शेट अंथरुणात होते. बाई म्हणाल्या, आज दुपारी निघू. मला वेळ होता. पायऱ्यांकडे चालत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.

हुस्नबानो तिथे बसली होती. धरणावरचे चौकीदार नजीरभाई, त्यांची बायको. तिच्यापुढे आमची परात. पाण्यात मासे, पूर्वी असत तेवढेच. दोन खडस तर हातभर लांबीचे.

मी म्हणालो, परात तुमच्याकडे कशी?

"भाभींनीच दिली, भाऊ. तापात होत्या तेव्हा. बोलल्या, हितंच धूत जा. तेव्हापासून येते रोज."

घरात परात नाही हे चार महिन्यांत माझ्या लक्षात आले नव्हते. मी ताटात मळत होतो.

हुस्नबानो म्हणाली, "तुम्ही कधी आला नाय इकडे. मी नजीरला बोलले, भाऊंना सांगू का? तो बोलला, राहू दे."

दुपारी होडी काढली. एक लहान मासा लागला. शेटनी सोडून दिला.

शुक्रवार, ता. ६

सकाळी काही नाही. शेट दोनदा खोकत खाली वाकले. दुसऱ्यांदा काठी हातातून गेली, मी वल्ह्याने ओढून आणली.

काठावर आलो. शेट खुर्चीत डोळे मिटून बसले. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढल्या साली आम्ही नाय येणार, रंगनाथ. डॉक्टर बोलला, पावसाळासुद्धा —" वाक्य तिथेच सोडले. मग म्हणाल्या, "सहा साल झाला. एक पण मोठा खडस नाय मिळाला त्याला. मुंबईला दर साली दोस्तांपुढे खोटा बोलते, इतका मोठा हता, दोरी तोडून गेला. मी पण मान हलवते."

शेटचे डोळे मिटलेलेच होते, पण ते म्हणाले, "शिरीन, सगळा ऐकू येते हां मला."

त्यांनी माझ्याकडे काही मागितले नाही. बाईंनीही नाही. उद्याचा एकच दिवस उरला आहे.

शनिवार, ता. ७

पायऱ्यांकडे नेले.

होडीची सावली पडली तसे मासे वर आले. गळ टाकण्याआधीच. तोंडे वर करून थांबले. शेट बघत राहिले. म्हणाले, "हे पाळलेले हाय? कोणाचे?"

मी म्हणालो, कोणाचे नाहीत.

आज गोळा सुटला नाही. सुटायला वेळच मिळाला नाही. मासा लागला आणि खोल पाण्याकडे पळाला. अर्धा तास गेला. बाई शेटना मागून कमरेला धरून होत्या. मी होडी फिरवत होतो. शेवटी जाळीत घेतला. बंगल्यावर वजन केले, चोवीस रत्तल भरला.

शेटनी टोपी काढून ठेवली आणि त्याच्या अंगावरून हात फिरवला. "मोठा हाय ने?" चार वेळा विचारले. चारही वेळा हो म्हणालो. खरेच मोठा होता.

दुपारच्या टांग्याने गेले. जाताना शेटनी माझा हात हातात घेतला. शेपटीकडचा एक तुकडा मला ठेवला. मीठ-हळद लावून शिंक्याला टांगला. ती गेल्यापासून या घरात मासा शिजलेला नाही.

रविवार, ता. ८, सकाळ

हुस्नबानो दाराशी आली. "भाऊ, आज एक पण नाय आला. किती वेळ बसले मी."

मी सांगितले, काल तिथे गळ टाकला. मीच नेले त्यांना.

ती उंबऱ्याशी उभी राहिली. मला वाटले आता बोलेल. बोलली असती तर बरे झाले असते. मग म्हणाली, "भाभी बोलल्या होत्या मला. आमच्या मालकांना कुणाला नाय म्हणता येत नाय. एक दिवस नेतील कुणाला तरी."

मी विचारले, मग माझ्याकडून वचन कशाला घेतले?

"मी पण हेच विचारलं. बोलल्या, तेवढे दिवस तरी मासे जगतील."

जायला वळली, परत थांबली. "अजून एक बोलल्या होत्या. त्या दिवशी भाऊंना रागवू नको. जेवलात का, तेवढं विचार." आणि मग तिने विचारले, "जेवलात का?"

मी शिंक्याकडे पाहिले. ती गेली.

रविवार, दुपार

चूल पेटवली. मासा रांधला. मीठ जरा जास्त झाले. एकटाच बसलो आणि सगळा खाल्ला.